गोव्यात मोटरहोम मागे कशी घ्यावी, कुठे लावावी

मोटरहोम चालवणं आणि मोटरहोम लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग 66 वर गाडी पळवायला फारशी अक्कल लागत नाही. नवा झुआरी पूल तर इतका ऐसपैस आहे की आपण सात मीटरचं घर चालवतोय हेच माणूस विसरतो. कसोटी लागते ती महामार्ग सोडल्यावर. आसगावच्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणांमधली गल्ली, सावईवेऱ्याकडे कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) खाली उतरणारी वाट, पाळोळ्याला किनाऱ्याकडे जाणारा चिंचोळा रस्ता. पुण्या-कोल्हापूरहून, बेळगावहून येणाऱ्या मंडळींच्या गाड्या खरचटतात त्या अशा शेवटच्या दोन-तीनशे मीटरांत, आणि तेही बहुतेक वेळा मागे जाताना.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रिव्हर्सचं निम्म्याहून अधिक काम चालकाने जागेवरून उठून, चालत जाऊन करायचं असतं. कॅमेरा, सेन्सर, आरसे सगळं असावं. पण जो उतरून बघत नाही, त्याला यातलं काहीच वाचवत नाही.

मापं कागदावर हवीत

गाडी भाड्याची असो वा स्वतःची, निघण्याआधी फीत घेऊन पाच मापं मोजा आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सनवायझरला चिकटवा: छतावरच्या एसीसकट उंची, आरसे उघडे असतानाची रुंदी, मागच्या शिडीसकट किंवा सायकल स्टँडसकट लांबी, मागच्या चाकाच्या मध्यापासून शेपटाच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि भरलेल्या गाडीचं वजन. भाड्याने देणारा ‘नऊ फूट असेल बघा’ म्हणाला तर त्यावर जाऊ नका. छतावर एसी, सोलर पॅनेल किंवा कॅरियर नंतर बसवलेला असेल तर नोंदणीपुस्तकातली उंचीही उपयोगाची नाही.

यातलं चौथं माप लोक मोजत नाहीत आणि नेमकं तेच नडतं. आपल्या मोटार वाहन नियमांनुसार मागच्या चाकाच्या पलीकडे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) 60 टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे व्हीलबेस चार मीटर असेल तर जवळजवळ अडीच मीटर गाडी मागच्या चाकाच्याही मागे असू शकते. हे शेपूट चढावर जमिनीला घासतं आणि वळणावर बाजूच्या स्कूटरला ओढतं.

सेन्सरबद्दलही इथेच सांगतो. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे आपल्याला त्या पिकपिकाटाची सवय लागली आहे. जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेल्या मोटरहोममध्ये ते असतीलच असं नाही. असले तरी ते बंपरच्या पातळीवरचं बघतात. लोंबणारी फांदी, बाल्कावचं (घरापुढच्या ओसरीचं) पुढे आलेलं छप्पर, गवताखाली दडलेलं गटार आणि बारीक लोखंडी गज त्यांना कळत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच, शिवाय पावसाळ्यात त्याच्या भिंगावर चिखलाचा थेंब बसला की पडद्यावर फक्त धूसर तपकिरी रंग दिसतो. प्रत्येक वेळी मागे घेण्याआधी भिंग फडक्याने पुसा.

नाक कुठे जातं, शेपूट कुठे जातं

एवढं एक सूत्र डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सवयीने येतं: पुढे जाताना वळलात तर शेपूट उलट बाजूला झुकतं, मागे जाताना वळलात तर नाक उलट बाजूला फिरतं. स्टिअरिंग उजवीकडे वळवून पुढे निघालात तर मागचा डावा कोपरा डावीकडे बाहेर पडतो. तेच स्टिअरिंग उजवीकडे ठेवून मागे गेलात तर मागचा भाग उजवीकडे शिरतो आणि पुढचा डावा कोपरा रस्त्यावर मोठा झोका घेतो. भिंतीला अगदी चिकटून उभ्या केलेल्या मोटरहोमचं स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे काढलं तर शेपूट भिंतीवरच घासणार. आधी थोडं सरळ पुढे यायचं, मग वळायचं.

गोव्यात उतरण्याआधीच एखाद्या मोकळ्या मैदानावर, परवानगी घेऊन, तासभर याचा सराव करा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या किंवा बादल्या ठेवून फाटक तयार करा आणि एक जण बाहेर उभा राहून शेपूट नेमकं किती बाहेर पडतं ते बघा. मग जागा बदला. जो गाडी चालवणार नाही त्यानेही एकदा चालकाच्या जागी बसावं, म्हणजे तिथून काय दिसत नाही हे त्याला कळेल.

आरसे बसल्या जागेवरून लावायचे. दोन्ही बाजूंना आपल्याच गाडीची कड बारीक पट्टीएवढी दिसावी आणि मागचं चाक जमिनीला टेकतं ती जागा दिसावी. फुगीर काचेत वस्तू असते त्यापेक्षा लांब दिसते. ‘अजून बरीच जागा आहे’ असं त्या काचेत बघून वाटलं तर जागा संपत आलेली असू शकते.

जागा निवडताना

गोव्याची जमीन वरून एकसारखी लाल दिसते, पण तिचे प्रकार वेगळे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. तिथे जमीन टणक, चाक रुतण्याचा प्रश्न नाही. मात्र वारा आणि वीज दोन्ही अंगावर. मे महिन्यातल्या वळिवाच्या वेळी उघड्या सड्यावर एकटी उंच गाडी उभी करू नये. खाजन जमिनी म्हणजे खाडीलगतची, बांध घालून भरतीचं पाणी अडवलेली शेतं. त्यांच्या बांधावरून मोटारी जाताना दिसतात म्हणून आपणही जावं असं नाही. बांध मातीचे असतात, कडा ओल्या असतात, आणि समोरून काही आलं तर मागे हटायला जागा नसते. भाट म्हणजे माडांची बाग. सावली छान, जमीन बरीचशी रेताड, आणि डोक्यावर नारळ. माडाखाली मोटरहोम लावू नका. नारळ काचेवर किंवा सोलर पॅनेलवर पडला तर काय होतं ते सांगायची गरज नाही, आणि वाळलेलं चुडतंही (माडाची झावळी) जड असतं. फणसाच्या मोसमात फणसाखालीही नको.

रेतीवर, म्हणजे थेट किनाऱ्यावर, गाडी नेण्याचा विचारसुद्धा करू नका. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवणं बेकायदा आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा 2001 चा कायदा इथे लागू आहे. उघड्यावर स्वयंपाक करणंही दंडाला पात्र आहे. तेव्हा गाडी लावल्यावर बाहेर शेगडी मांडून पंगत बसवायचा बेत असेल, तर तो कोणाच्या खाजगी अंगणात, त्यांच्या परवानगीने.

मोकळी दिसणारी जमीन मालकाविना नसते. कुठे भाटकाराची (जमीनदाराची), कुठे कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची), कुठे देवस्थानाची. जवळच्या घरी जाऊन विचारावं. इथली माणसं विचारणाऱ्याला बहुधा जागा दाखवतात, न विचारता फाटकासमोर उभ्या केलेल्या परक्या नंबरप्लेटवर मात्र चिडतात.

कुलदेवाला येणाऱ्यांसाठी उत्तम पर्याय देवस्थानांचाच आहे. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा इथे बसगाड्यांची सवय असलेली मोकळी जागा मिळते. उतरायच्या सोयीसाठी अग्रशाळा असतात, तिथल्या कार्यालयात विचारून रात्रीची सोय होते का ते बघावं. जत्रेच्या, पालखीच्या दिवशी मात्र त्या वाटेला जाऊ नका. जुन्या गोव्यात बासिलिकेच्या परिसरात मोठी वाहनं मावतात, पण सेंट झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताच्या (सणाच्या) आसपास तिथे पाय ठेवायला जागा नसते. म्हापशात शुक्रवारी बाजार भरतो, त्या दिवशी मोटरहोम शहराबाहेर ठेवून रिक्षा किंवा मोटरसायकल पायलटने (भाड्याच्या दुचाकीने) जा. पणजीत मळा-फोंतेन्हासच्या गल्ल्या पायी बघायच्या असतात. बहुमजली पार्किंगमध्ये उंचीमुळे आपण आत जाणारच नाही, आणि हे रॅम्पवर चढल्यावर कळलं तर मागे मोटारींची रांग लागलेली असते.

फेरीबोटीचा मोह सगळ्यांना होतो. दिवाडी किंवा चोडणला फेरीने जाणं सुंदरच, पण धक्का आणि बोट यांच्यामधला उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. ओहोटीला तो तीव्र झाला की लांब शेपटाची गाडी चढताना मागे घासते. आधी गाडी वर रस्त्यावर उभी करून खाली चालत जा, फेरीवरच्या कर्मचाऱ्यांना गाडी दाखवा. ते नको म्हणाले तर वाद न घालता पायी जा. तसंही दिवाडीवर चालायलाच मजा येते.

आणखी एक गोष्ट: जागा निवडताना निघायचं कसं ते आधी ठरवा. रात्री पोचल्यावर नाक आत घालून झोपलात तर सकाळी उलटं रस्त्यावर यावं लागेल. त्याच वेळी पदेर पाव घेऊन सायकलवरून येतो, शाळेची मुलं निघतात, मासळीवालीची स्कूटर येते. म्हणून संध्याकाळी, उजेड असताना, शेपूट आत आणि नाक बाहेर. मागे घ्यायचं ते रहदारीतून शांत जागेकडे, शांत जागेतून रहदारीत नाही.

मागे उभा राहणारा माणूस

गोव्यात गाडी मागे घ्यायला लागलात की मदतीला चार जण जमतात. चौघंही मनापासून हात हलवतात आणि चौघांचेही हात वेगवेगळं सांगतात. एकालाच नेमा, तो तुमच्याबरोबरचाच असावा. बाकीच्यांना हसून रस्त्याकडे बघायला सांगा. त्या कामासाठी खरोखरच माणसं लागतात. फक्त ‘थांब’ हा शब्द कोणीही ओरडला तरी पाळायचा. इथे तो ‘राव, राव’ असा ऐकू येईल.

नेमलेल्या माणसाने चालकाच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या उजव्या मागच्या कोपऱ्यापासून काही पावलं लांब, आरशात दिसेल असं उभं राहायचं. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कधीही नाही. चालकाचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: आरशातून माणूस दिसेनासा झाला की ब्रेक. तो बाजूला झाला असेल असं गृहीत धरायचं नाही.

खुणा घरून ठरवून निघा. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे थांब. तळवे आपल्याकडे हलवले म्हणजे ये. दोन तळव्यांमधलं अंतर म्हणजे उरलेलं अंतर, ते खरं दाखवायचं, अंदाजे नाही. डावं-उजवं नेहमी चालकाचं धरायचं. ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे’ आणि मग एकदम ‘बस!’ ही आपली राष्ट्रीय पद्धत मोटरहोमला चालत नाही. साडेतीन-चार टनांची गाडी ‘बस’ ऐकल्यावर अजून वीतभर जाते. ‘दोन मीटर, एक मीटर, अर्धा, थांब’ असं म्हणायची सवय करा. पत्र्यावर थाप मारून इशारा देणं तर टाळाच, कारण एका थापेचा अर्थ काहींच्या लेखी ‘थांब’ आणि काहींच्या लेखी ‘चल’ असतो. फोन स्पीकरवर ठेवून बोलणं सगळ्यात सोपं, फक्त आधी रेंज आहे ना बघा आणि गाडीतलं गाणं बंद करा. नवरा-बायकोची निम्मी भांडणं या पायरीवरच होतात, त्यातली बरीचशी फोनमुळे टळतात.

फाटकातून आत घेणं

होमस्टेचं अंगण, चिऱ्यांचे दोन खांब, समोर एक-दीड गाडीचा रस्ता. गोव्यातली ही नेहमीची परिस्थिती आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून फाटक शक्यतो आपल्या उजव्या हाताला येईल अशा दिशेने या. उजवा खांब आणि उजवं मागचं चाक आपल्याला आरशात, खिडकीतून मान काढूनही, दिसतं. डावीकडचं काही दिसत नाही. फाटक डावीकडे येत असेल तर पुढे जाऊन मोठ्या जागेत गाडी वळवून परत या. पाच मिनिटं जातात, पण खांब वाचतो. मात्र उजवीकडच्या फाटकात शिरताना समोरून येणारी बाजू अडते, म्हणून रस्ता राखायला माणूस हवाच.

1. फाटकाच्या थोडं पुढे जाऊन हॅझर्ड दिवे लावून थांबा. दोघंही उतरा. आत जाऊन वर, खाली, बाजूला बघा. गटारावर टाकलेली लादी किंवा छोटा साकव नीट तपासा. ती बऱ्याचदा स्कूटर आणि छोट्या मोटारीसाठी टाकलेली असते. घरमालकाला थेट विचारा: यावरून रेतीचा टेम्पो कधी आत आलाय का? ‘नाही’ म्हणाला तर गाडी बाहेर लावा.

2. गाडी फाटकाच्या इतकी पुढे उभी करा की पूर्ण गाडी फाटक ओलांडून गेलेली असेल. रस्त्याच्या डाव्या कडेला जेवढं सुरक्षित असेल तेवढं सरका, पण कडेचं गटार आणि डांबराची तुटलेली धार बघूनच. उजवीकडे जितकी मोकळी जागा, तितकं वळण सोपं.

3. मागे यायला लागा. क्लचवर, एंजिनच्या रेंगाळत्या वेगाने, जवळजवळ ॲक्सिलरेटरशिवाय. बाहेरच्या माणसाला गाडीबरोबर चालत यायला पळावं लागत असेल तर वेग जास्त आहे.

4. उजवं मागचं चाक गाडीकडच्या खांबापासून साधारण तीन-चार मीटर अलीकडे असतानाच स्टिअरिंग उजवीकडे वळवायला सुरुवात करा. नेमकं अंतर तुमच्या गाडीच्या वळणावर अवलंबून, आणि ते मैदानावरच्या सरावात कळलेलं असेल. चाक खांबापाशी येईपर्यंत वाट बघितलीत तर शेपूट पलीकडच्या खांबावर जातं.

5. आता दोन ठिकाणी धोका एकाच वेळी असतो. गाडीकडचा खांब उजव्या कुशीला लागू शकतो, तो तुम्हाला दिसतो. पलीकडच्या खांबाला मागचा डावा कोपरा लागू शकतो, तो तुम्हाला अजिबात दिसत नाही. तिकडे दुसरा माणूस असेल तर त्याने फक्त नेमलेल्या माणसाशी बोलायचं, तुमच्याशी नाही. दुसरा माणूस नसेल तर इथे थांबून स्वतः उतरून बघा.

6. याच क्षणी सगळ्यांचं लक्ष मागे असतं आणि नाक रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीकडे झोका घेत असतं. दर दोन-तीन सेकंदांनी एकदा समोर डावीकडे नजर टाका.

7. कोन चुकतोय असं वाटलं तर स्टिअरिंगशी झटापट करत मागेच जात राहू नका. थांबा, पुढे या, गाडी सरळ करा, पुन्हा सुरुवात करा. अरुंद रस्त्यावर एका दमात आत जाणारा चालक क्वचितच असतो. ट्रकवालेही दोन-तीनदा पुढे-मागे करतात.

8. कुशी खांबांना समांतर होऊ लागली की स्टिअरिंग थोडं आधीच सरळ करायला घ्या. मागच्या भिंतीपासून निदान एक मीटर राखून थांबा. मागचा दरवाजा उघडायला, गॅसच्या सिलिंडरपर्यंत पोचायला आणि चालत फिरायला तेवढं लागतंच.

मोटारीमागे ओढायचा कॅरव्हॅन असेल तर हा सगळा हिशेब उलटतो. तिथे स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा, म्हणजे हात ज्या दिशेला न्याल त्या दिशेला कॅरव्हॅनचं शेपूट जातं. आणि अगदी थोडं थोडं वळवा, कारण एकदा घडी पडायला लागली की पुढे घेण्यावाचून इलाज नाही. गोव्याच्या गावरस्त्यांवर ओढता कॅरव्हॅन आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वर बघा

गावातल्या विजेच्या तारा रस्त्यावर ठीक उंचीवर असतात, पण खांबावरून घराकडे गेलेली जोडणी खाली झोळ देते. त्याखाली केबलच्या आणि इंटरनेटच्या काळ्या वायरी असतात. सणासुदीला त्यात पताका आणि कमानींची भर पडते. शिगमो, चवथ, गावची जत्रा या दिवसांत काल मोकळी असलेली वाट आज तीन मीटरवर बंद असू शकते. वायर छताला लागेल असं वाटलं तर काठीने वर ढकलण्याचा उद्योग कोणीही करू नये, केबलची दिसते म्हणून ती केबलचीच असेल असं नाही.

विजेची तार गाडीला लागलीच तर आत बसून राहा, धातूला हात लावू नका, बाहेरच्यांना ओरडून लांब ठेवा आणि 112 वर फोन करा. गाडीने पेट घेतला तरच बाहेर पडायचं, तेही गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारून आणि पाय जमिनीला लागलेले ठेवत छोट्या छोट्या घसरत्या पावलांनी दूर जाऊन.

लावल्यावर

गोव्यात सपाट जागा किनारपट्टीवर मिळते, आत फोंडा-सांगे-सत्तरीकडे उतारच उतार. थोडा उतार असेल तर डोकं ठेवायची बाजू वर येईल असं बघा, झोप चांगली लागते. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असेल तर गाडी बऱ्यापैकी समतोल लागते, कंप्रेसरच्या फ्रिजला थोडा कल चालतो. समतोलासाठीचे रॅम्प खालच्या बाजूच्या चाकांपुढे ठेवून हळू चढवा. जॅक लावून गाडी उचलून समतोल साधू नका, आणि कोपऱ्यांतले आधाराचे पाय हे गाडी डुलू नये म्हणून असतात, तिचं वजन पेलायला नसतात.

थांबल्यावर क्रम असा: पाय ब्रेकवर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, एंजिन बंद, मग गियर. नाक उतारावर खाली असेल तर रिव्हर्स गियर, नाक वर असेल तर पहिला. त्यानंतर चाकांना पाचर. पाचर लावणाऱ्याने चाकाच्या बाजूने हात घालावा, उताराच्या खालच्या अंगाला उभं राहू नये. जवळ पडलेला चिऱ्याचा तुकडा पाचर म्हणून वापरायची इथे सर्रास पद्धत आहे, पण जांभा भुसभुशीत असतो, वजनाखाली चुरा होऊ शकतो. लाकडी किंवा रबरी पाचरी बरोबर आणा. रस्त्याच्या डाव्या कडेला उतारावर थांबायची वेळ आली तर, नाक खाली असताना पुढची चाकं डावीकडे वळवून ठेवा. नाक वर असेल आणि कडेला उंच पदपथ असेल तर उजवीकडे, पदपथ नसेल तर डावीकडे. हेतू एवढाच की ब्रेक सुटला तर गाडी रस्त्याच्या मध्यावर न येता कडेला अडावी.

वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलावर, बसथांब्यासमोर, शाळा-इस्पितळाच्या दारात गाडी लावायची नाही हे नियम मोटरहोमलाही आहेत. चोर्ला किंवा अनमोड घाटात ‘जरा चहा करून घेऊ’ म्हणून वळणाच्या कडेला थांबलेली उंच गाडी मागून येणाऱ्या ट्रकची नजर पूर्ण झाकते.

झोपताना एंजिन चालू ठेवून एसी लावू नका. वारा पडला, बाजूला भिंत असली की धूर आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटरचंही तेच.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर मोटरहोम आणायला माझा विरोध नाही, हिरवा गोवा तेव्हाच बघावा. मात्र डांबर किंवा काँक्रीट सोडून खाली उतरायचं नाही. उतरावंच लागलं तर चाक जाणार तिथे टाच जोरात रोवून बघा. टाच बुडाली आणि खळग्यात पाणी आलं तर चाकही बुडणार. रस्त्याकडेचं हिरवंगार गवत बहुतेक ठिकाणी गटारावर वाढलेलं असतं. काठी घेऊन टोचत जा. व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी रात्रीचा मुक्काम नको, वर डोंगरात पाऊस झाला की पाणी इथे पाऊस नसतानाही चढतं.

रुतलातच तर चाक गरगर फिरवू नका, प्रत्येक फेरीत ते खोल जातं. वजन कमी करा, माणसं उतरवा, चाकापुढची माती खणून उतार करा, फळ्या किंवा रबरी मॅट घाला. काहीच नसेल तर वाळलेली चुडतं आडवी टाका. मग अगदी हळू, शक्यतो आलात त्याच मार्गाने बाहेर या. दोन प्रयत्नांत नाही निघाली तर गावात जेसीबी किंवा ट्रॅक्टर कोणाकडे आहे ते विचारा. ओढायचा दोर चासीच्या हुकालाच बांधा, बंपरला नाही, आणि दोर ताणलेला असताना कोणालाही जवळ उभं राहू देऊ नका.

सकाळी निघताना

एक प्रदक्षिणा, प्रत्येक वेळी. पायरी आत, वायर काढलेली, ऑनिंग (बाजूचं कापडी छत) गुंडाळलेलं, छताची झडप बंद, गॅसचा कॉक बंद, पाचरी परत पेटीत. आणि वाकून गाडीखाली बघा. गोव्यातल्या भटक्या कुत्र्यांना उन्हाळ्यात मोटरहोमइतकी चांगली सावली दुसरी मिळत नाही, ती सकाळीही तिथेच असतात. हॉर्न वाजवून ती उठतील असं समजू नका.

इतकं करूनही कधी कुंपणाचा चिरा हलतो, कधी खांबाचा कोपरा उडतो. लागल्याचा आवाज आला की आहे तिथे थांबा. घाईने पुढे काढलीत तर पत्रा अडकून अजून फाटतो. उतरून नेमकं काय अडकलंय ते बघा, फोटो काढा, आणि ज्या दिशेने लागलं त्याच्या बरोबर उलट, स्टिअरिंग तसंच ठेवून, इंच इंच सोडवा. घरमालक घरी नसेल तर शेजाऱ्याकडे नाव-नंबर ठेवा. विम्याचा दावा करायचा असेल तर गाडी दुरुस्तीला देण्याआधी कंपनीला कळवा. कुंपणाचं मात्र तिथल्या तिथे, मालकाशी बोलून मिटवलेलं बरं. गवंडी गावातच असतो आणि चार चिरे बसवायला त्याला फार वेळ लागत नाही.